करदोड्याले बांधलेली चावी

दहा बोटं मोजून दिल्याशिवाय तो मानूस कोनाच्या वावरात ट्रॅक्टर घालत नव्हता. धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, गाडी उभी करे, खाली उतरे, दोन्ही हात मालकाच्या तोंडासमोर धरे अन् म्हने, "मोजा."

"काय मोजा?"

"बोटं मोजा. बेलरवाल्याले काम द्याचं असन त आधी त्याचे बोटं मोजून घ्यावं. कमी भरले त समजाचं, गडी घाईचा हाये."

लोक हासत. काही मालक चिडत. आमच्या गावातला एक मोठा कास्तकार त भडकलाच, "अबे, म्या यंत्र बोलावलं का जोशी बोलावला? हात काय दाखवतं मले?" तरी यानं हात खाली घेतले नाही. शेवटी त्या कास्तकारानं मोठ्यानं मोजले, एक, दोन, तीन, अन् दहा झाले तवाच यानं चप्पल काढली.

चप्पल काऊन काढली तेही सांगते, पन आधी बेलर म्हंजे काय ते सांगून टाकते. ट्रॅक्टरच्या मांगं लावतात ते. वावरात ओळीनं पडलेलं वाळलं गवत समोरच्या दात्याइनं उचलते, पोटातल्या रुळाइत गरगर फिरवते, वरून सुतळी गुंडाळते अन् मांगचं दार उघडून ड्रमाएवढा गोल गठ्ठा खाली टाकते. आम्ही दोघी जावा आठ दिवस डोक्यावर वाहत होतो तेवढं गवत ते एका दुपारी बांधते. पन गवत त्याच्या तोंडात नीट गेलं त. नाही गेलं त तिथंच अडकते, पट्टा किरकिर करते, अन् मंग धुऱ्यावरचा एकएक मानूस येऊन आपली अक्कल सांगते.

मी दुसरी शिकली. कागद आला का कोनाकडून तरी वाचून घ्याव लागते. पन धुऱ्यावर उभी राहून मी सांगते का बेलर काऊन अडकलं. नुसता आवाज आयकून सांगते. आता आमच्याकडं नव्या पोट्ट्याहिचे बेलर येतात, अडकलं का आवाज देतात, "आजी, या बरं जरा." मी जाते. हे समदं त्या मानसापासून आलं. त्यानं काही बसवून शिकवलं नाही. तो बोंबले, अन् मी आयको.

तो धाड गावाकडचा. माह्याहून दहा-बारा वर्सांनं लहान, मले मावशी म्हने. अंगानं किडकिडीत, सदरा ढगळा, अन् आवाज असा का दोन वावरं सोडून आयकू जाये.

त चप्पल. चप्पल काढून तो गवताच्या ओळीवरून चाले. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, एकही ओळ सोडत नव्हता. धोंडा लागला का उचलून बाजूले ठेवे, तार लागली का गुंडाळून खिशात टाके. पायाले वल लागली का थांबे, वाकून मूठभर गवत घे अन् कपडा पिळावा तसं पिळे. तुटलं त वाळलं. नुसतं वाकलं त वलं. वलं असलं का एकच बोल, "आज नाही." मंग मालकानं हात जोडो नाही त शिव्या देवो, तो बेलर घेऊन चालला जाये. "वलं गवत रुळाले गुंडाळते," असं म्हने, "तुम्ही घरी जासान, अन् मी इथं दिवसभर रुळाच्या जटा काढत बसन."

एकडाव माह्या धाकल्या जावेच्या वावरात असाच चालून राह्यला होता. चालता चालता थबकला. वाकला, काही तरी उचललं, पुसलं अन् धुऱ्यावरच्या दगडावर नेऊन ठेवलं. दुरूनच म्हने, "ताई, तुमचं काही तरी हाये इथं." जाऊ गेली त तिचं जोडवं! दोन वर्सं झाले होते हरवलं त्याले. आमच्या सासूनं त्या एका जोडव्यापायी तिले दोन वर्सं जेवता-उठता बोलून घेतलं होतं. जाऊ रडाले लागली. हा म्हने, "रडू नका, गवत वलं होते."

बेलरले तो जावई म्हने.

"मावशी, घरी जावई आला त ताटात भाताचा डोंगर करता का तुम्ही? थोडं थोडं वाढता. संपलं का वाढता. याचंही तसंच. ओळ जाड झाली का हा रुसते. पातळ झाली का उपाशी राह्यते, गठ्ठ्याले गाभाच धरत नाही. अन् एकाच अंगानं वाढलं त गठ्ठा लंगडा होते, एकीकडून फुगलेला अन् एकीकडून चोपट."

म्हून तो ट्रॅक्टर सरळ नेत नव्हता. थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं, म्हंजे गवत तोंडात दोन्ही अंगाले सारखं जावं. लोक म्हनत, पिऊन आला. त्यानं उभ्या जन्मात घेतली नव्हती. "म्हनू द्या," असं म्हने, "पिलेल्याचा गठ्ठा गोल येत असन त मी पिलेलाच बरा."

कोनी बेलरले नावं ठेवली का त्याले खपत नव्हतं. "तुमचं यंत्र खात नाही ओ" म्हनलं का तो आधी ओळीकडं बोट करे. "त्याले काही झालं नाही. आधी वाढनाऱ्याचा हात पाहा. मंग त्याचे दाते पाहा. मंग पट्टा पाहा. तुम्ही लोक उलटं करता. जेवाले कोनी नाही म्हनलं का पह्यले त्याचं पोट फाडता."

अन् आता ती चावी. बेलरमधी काही अडकलं, नाही त नुसती सुतळी बदलाची असली, तरी तो खाली उतराच्या आधी ट्रॅक्टर बंद करे, चावी काढे, सदरा वर करे अन् कंबरेच्या करदोड्याले चावी बांधे. गाठ मारून. मंगच बेलरजवळ जाये. काम झालं का गाठ सोडे, चावी लावे. दिवसातून वीस डाव उतरला त वीस डाव बांधे अन् वीस डाव सोडे. पाह्यनाऱ्याचा जीव जाये.

"अहो भाऊ, खिशात टाका ना चावी!"

"खिशाले भोक हाये."

दिवाळीचा नवा कोरा सदरा असला तरी खिशाले भोक. मंग लोकाइनं आपल्या मनानंच गोष्टी जोडल्या. कोनी म्हने, त्याच्या भावाचा हात बेलरमधी गेला. कोनी म्हने भावाचा नाही, साल्याचा. एक जन त शपथ घेऊन सांगे का म्या डोळ्यानं पाह्यलं. मलेही वाटे, असन काही तरी. असं उगीच कोन करते?

आता मी ज्या दिवसाचं सांगते तो दिवस कार्तिकातला हाये.

माहा मालक गेला तवा लेकरं लहान होते. तवापासून म्हशीनं पोसलं आम्हाले. रडली नाही असं नाही, पन म्हशीले दोन टायमाले धार द्याची असते, तिले आपलं रडनं समजत नाही. पाटे उठाच लागते. लेकीचं लग्न, लेकाचं शिक्षन, समदं त्या म्हशीच्या आचळातून निंघालं. लेक शहरात गेला, म्हने, माय, आता इक म्हशी अन् चाल माह्यासंगं. म्या म्हनलं, मी तिथं सकाळी उठून काय करू? भिताडाकडं पाहू?

त्या साली माह्याकडं दोन म्हशी होत्या, अन् दोन्ही गाभन. अन् चारा नव्हता. आधी ज्वारी राहे, कडबा राहे. आता जो तो सोयाबीन पेरते, अन् सोयाबीनच्या कुटारावर गाभन म्हैस जगत नाही. म्हून म्या अन् जावेनं डोंगराच्या उतारावरचं कुरन केलं होतं, निम्मं गवत कुरनाच्या मालकाले, निम्मं आम्हाले. दोघीइनं इळ्यानं कापलं. बारा दिवस कापलं. गवत सुकलं, ओळी लावल्या. ते गवत घरी आलं त म्हशी राह्यतीन, नाही आलं त पोटातल्या वासरासगट बाजारात उभ्या कराव्या लागतीन. एवढं सरळ होतं ते.

सकाळी तो आला. बोटं मोजून झाले. चप्पल काढून सगळ्या ओळी फिरला. गवत पिळलं, तुटलं. म्हने, "मावशी, अशा ओळी म्या अजून पाह्यल्या नाही. जावई खुश होईन आज. मी खालच्या वावरातलं आटोपतो, दुपारी येतो. याले हात लावू नका आता."

मले लय बरं वाटलं. पन्नास वर्सं गवत कापलं, कोनी म्हनलं नव्हतं का ओळ चांगली लावली.

तो गेला अन् वारं सुटलं. अजिंठ्याच्या डोंगराकडून काळं आभाळ निंघालं. कार्तिकात! वाऱ्यानं ओळी उलगडाले लागल्या. गवत भुरभुर उडून जाऊन राह्यलं होतं. जाऊ म्हने, "बाई, काही करा ना वं!" मंग म्या जे जन्मभर केलं तेच केलं. कवळभर गवत घेतलं, गवताचाच पीळ घालून आळा मारला, पेंढी बांधली अन् ओळीवर वजन म्हून ठेवून देली. अशी दहा-दहा पावलावर एक पेंढी. दोघीइनं सपासप बांधल्या. आळा माराले मले पाहाव लागत नाही, बोटं आपोआप मारतात. ओळी जागेवर राह्यल्या. म्या जावेले म्हनलं, "पाह्य, म्हाताऱ्या बाईची अक्कल."

दुपारी तो घाईनं आला. त्याची घाई म्या त्या एकाच दिवशी पाह्यली. आभाळाकडं पाह्यलं, ओळीकडं पाह्यलं, पेंढ्या त्याच्या नजरेत आल्या नाही, कारन गवतावर गवतच होतं ते. अन् त्या दिवशी दुसऱ्यांदा चप्पल काढून चालला नाही. चालू केलं.

पह्यली ओळ काठाकाठाची होती, तिच्यावर आम्ही पेंढ्या ठेवल्या नव्हत्या. दोन गठ्ठे पडले, असे गोल का पाह्यत राहावं. दुसऱ्या ओळीले अडकलं. बंद केलं, चावी करदोड्याले, गवत ओढून काढलं, चावी सोडली, चालू केलं. दहा-वीस पावलं गेला, पुन्हा अडकलं. पुन्हा चावी. दाते पाह्यले, सगळे सरळ. पट्टा पाह्यला, घट्ट. तोंड थोडं उचललं, वेग कमी केला, सापावानी चालवून पाह्यलं. पुन्हा अडकलं. रुळाले गवत असं आवळून बसे का चाकूनं कापून काढाव लागे, अन् कापल्यावर त्याचा भुगाच हातात ये, आळा कुठं दिसन त्यात?

"असं कसं?" तो सोताशीच बडबडत होता. "गवत वाळलं, ओळ बराबर, दाते बराबर. असं कसं खाऊन नाही राह्यला हा?"

चौथ्यांदा अडकलं तवा अजिंठ्याचा डोंगर दिसेनासा झाला होता. तिकडं पानी चालू होतं.

पाचव्या डावाले मी बेलरच्या बाजूनं चालत होती. माह्या डोळ्यासमोर पेंढी दात्यावर चढली अन् तोंडात आडवी बसली. एवढीशी पेंढी. एक हिसका देला त निंघन, असं वाटलं. पाठीमांगं गार वारा लागत होता, अन् मले त्या दोन गाभन म्हशी दिसत होत्या. बेलर फिरतच होतं. म्या हात घातला.

म्या पेंढी धरली ती आळ्यात बोटं घालून. आम्ही बाया पेंढी तशीच उचलतो, आळ्यात बोटं घालून. अन् बेलरनं ती पेंढी ओढली. बाईमानसानं हिसका देला त जेवढा बसते तेवढा नाही, बैलानं कासरा ओढावा तसा. मी दोन पावलं तशीच वढल्या गेली. बोटं आळ्यात अडकले होते, सुटत नव्हते. जाऊ किंचाळली तेवढं आयकू आलं.

मंग आळा तुटला. त्याच घडीले इंजन बंद झालं.

मी खाली बसली. हात पाह्यला. तळव्याची कातडी सोलून निंघाली होती, रगत येत होतं, पन हात जागेवर होता. अन् बोटात आळ्याचा तुटलेला तुकडा होता, पिळलेला, गाठीसकट.

तो आला. मले वाटलं आता बोंबलीन. बोंबलला नाही. त्यानं माह्या बोटातून तो तुकडा काढून घेतला, उलटा-सुलटा केला अन् लय हळू इचारलं, "हे काय हाये, मावशी?"

"आळा."

"कोनं बांधला?"

"म्या."

"किती बांधले?"

"पह्यली सोडून साऱ्याच ओळीइवर. वाऱ्यानं गवत उडून राह्यलं होतं म्हून..."

"मोकळं गवत हा खाते," तो म्हने. "बांधलेलं कसं खाईन? गाठ गिळते का कोनी?"

म्या, जिनं पन्नास वर्सं गवत बांधलं तिनं, आपल्याच हातानं त्याच्या नरड्यात गाठी घातल्या होत्या.

मंग तो तिथंच फतकल मारून बसला, अन् थरथराले लागला. हात, मान, हनुवटी, समदं. हिव भरल्यावानी. त्यानं सदरा वर केला, चावी करदोड्याले बांधली अन् एकावर एक गाठी मारत राह्यला, तीन का चार. जाऊ मले पानी पाजाले आली होती, तिनं आधी त्याले पाजलं.

म्या हाताले पदर गुंडाळला अन् उठली. "चाल वं," म्या जावेले म्हनलं, "आपनच बांधले, आपनच सोडू." दोघी ओळीओळीनं पळालो. पेंढी घ्याची, आळा तोडाचा, आळा लांब फेकाचा, गवत मोकळं करून ओळीत पसरवाचं. माहा एक हात कामाचा नव्हता, म्या दातानं तोडले. पह्यले थेंब आले तवा आमच्या तीन ओळी साफ झाल्या होत्या.

वापस आली त तो उभा होता अन् गाठीले झोंबत होता. नखं लागत नव्हते. गाठी घामानं आवळल्या होत्या. चावी तिथंच लोंबत होती, बोटभर अंतरावर, अन् ट्रॅक्टर बंद.

"सुटून नाही राह्यली," तो म्हने. रडकुंडीले आला होता.

जावेनं पाह्यलं, मंग लाजून तोंड फिरवलं. परक्या गड्याच्या करदोड्याले बाईनं हात कसा लावावा? म्या आभाळाकडं पाह्यलं अन् कंबरेचा इळा काढला.

"भाऊ, कापू का?"

जाऊ वरडली, "बाई! जित्या मानसाचा करदोडा कापता का वं? मेल्यावर कापतात तो!"

खरं बोलत होती ती. आमच्यात करदोडा मढ्याचा कापतात. त्यालेबी ते मालूम होतं. तो इळ्याकडं पाह्यत राह्यला. मंग त्यानं दोन्ही डोळे गच्च मिटले अन् सदरा वर धरला.

"काप, मावशी. मी त रोजच भेतो. आज तुह्या गवतासाठी भेऊन घेतो."

तोपर्यंत तो मले तुम्ही म्हने.

म्या कापला. काळा दोरा, चावीसकट माह्या हातात आला. त्यानं चावी घेतली, दोरा खिशात टाकला. चालू केलं.

अन् बेलर खाऊ लागलं. काय खाल्लं त्यानं! एक डाव अडकलं नाही. वरून थेंब पडत होते, मांगून धडाधड गठ्ठे पडत होते, अन् आम्ही दोघी गठ्ठे लोटून लोटून बाभळीखाली नेत होतो, ताडपत्री टाकत होतो. तीन ओळी संपल्या अन् मंग पान्यानं गाठलंच. मांगच्या दोन ओळी राह्यल्या. त्या भिजल्या, काळ्या पडल्या, त्याचं मले वाईट वाटलं नाही असं नाही. पन म्हशीपुरतं निंघालं होतं. कुरनाच्या मालकाले त्याचं निम्मं देऊन निंघालं होतं.

पुढच्या बाजाराले मी धाड गावाले गेली. हाताले फडकं बांधलेलंच होतं. दोऱ्यावाल्याकडून चांगला जाड काळा करदोडा घेतला अन् इचारत इचारत त्याच्या घरी गेली. तो बेलर घेऊन कुठं तरी गेला होता. बायको भाकरी टाकत होती. म्या करदोडा देला अन् काय झालं ते सांगितलं. म्हनलं, "बाई, माह्या हातून अपशकुन झाला, मनात ठेवू नका."

तिनं डोळे मोठे केले. "तुम्ही कापला? मले म्हने झिजून तुटला!"

मंग म्या इचारून घेतलं. "खरं सांगा, कोनाचा हात गेला होता बेलरमधी? भावाचा का साल्याचा?"

ते आयकून बाई अशी हासली का भाकर करपली.

"कोनाचं नखबी गेलं नाही ओ! माहा भाऊ धडधाकट हाये, अन् ह्याले भाऊच नाही. हा पह्यल्यापासून भेकड. इहिरीजवळ जात नाही. इज चमकली का पलंगाखाली. तव्यावरची पोळी चिमट्यानं काढते. लग्नात सप्तपदीले होमापासून इतका दूर चालला का भटजीले वाटलं पळून जाऊन राह्यला."

"मंग असं यंत्र काऊन चालवते?"

"म्याबी हेच इचारलं. त म्हने, भेनाऱ्यानंच चालवाव, न भेनाऱ्याचे हात तुटतात."

मी घरी येईपर्यंत त्याचाच इचार करत होती. माह्या आयुष्यात लय धीराचे मानसं पाह्यले म्या. माहा मालक धीराचा होता, म्हून रात्री भरल्या नाल्यात उतरला. मीबी धीराचीच. म्हशीसाठी फिरत्या बेलरमधी हात घालनारी. अन् माह्या गोठ्यात चारा आला तो एका भेकड मानसाच्या हातानं. त्या दिवसापासून कोनी मले म्हनलं, आजी तुम्ही किती धीराच्या, त मी म्हनते, ते सांगू नको, मले जरा भेव शिकू दे.

पौषात दोन्ही म्हशी इल्या. एकीले पारडी, एकीले रेडा. इकाचा बाजार पाहाव लागला नाही.

वैशाखात शेवटचा गठ्ठा फोडला. वरून पिवळा, सुतळी कापून उलगडला त आतून हिरवा, कार्तिकातल्या सारखा वास. त्याच दिवशी तो गावात आला होता, कोनाच्या तरी पट्ट्याचं पाहाले. माह्या दारावरून जाऊन राह्यला होता. म्या आवाज देला, "ओ भाऊ! या, तुमचा शेवटचा गठ्ठा फोडला. पाहा म्हशी कशा खातात."

तो आला. पन गोठ्याच्या दारातच थांबला. उंबऱ्याच्या आत पाय टाकेना.

"या ना आत."

"इथूनच दिसते."

"अहो, म्हैस हाये ती, वाघ नाही. हात लावा, काही करत नाही."

"शिंगं हाये तिले," तो म्हने, अन् दाराची चौकट धरून उभा राह्यला.

जिल्ह्यातल्या अर्ध्या ढोराइले त्यानं चारा बांधून देला असन, अन् जन्मात एका म्हशीच्या पाठीवर हात फिरवला नव्हता. मले हासू आलं, पन म्या हासली नाही. म्या गवत मोकळं करून म्हशीसमोर टाकत राह्यली. थोडं थोडं. पारडी मधी तोंड घालून राह्यली होती, मायनं तिले बाजूले केलं अन् सोता तोंड घातलं. चावाचा आवाज गोठ्यात भरला.

तो लय वेळ तिथं उभा राह्यला. मान तिरपी करून आयकत होता, जसा बेलरचा आवाज आयके तसा. मंग हळूच म्हने, "बराबर खाऊन राह्यली."

अन् चालला गेला.